अठ्ठेचाळीस दिवसांचं काय करायचं? आठवीतल्या एका मुलीच्या सुट्टीचं प्रकरण

२०२४च्या फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती आली आणि उन्हाळी शिबिरांची घडी घातलेली पाच पत्रकं तिनं टीपॉयवर पत्त्यांसारखी मांडली. वर्तमानपत्रातून पडलेली तीन, शाळेच्या गेटबाहेर वाटलेलं एक, आणि पुण्याच्या भावानं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं, झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेलं एक. "बाई, तुम्हीच सांगा बघूया. मला सगळीच चांगली वाटायला लागल्यात."

ती माझी जुनी विद्यार्थिनी. तिची मुलगी तेव्हा आमच्याच शाळेत आठवीत. बेळगावातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी बरीच वर्षं विज्ञान शिकवते. मुलांच्या सुट्टीबद्दल सल्ला देण्याचं काम मात्र न मागता गळ्यात पडलंय. एरवी ते दोन वाक्यांत आटपतं. हे प्रकरण आटपायला एक उन्हाळा लागला, म्हणून सविस्तर लिहिते. नावं घालत नाही. घरच्यांनी वाचून "चालतंय की" म्हटलंय.

घर आणि मुलगी

घर शहापूरकडचं. वडिलांचं उद्यमबागेत दोन लेथचं छोटं वर्कशॉप, पंपाच्या सुट्या भागांचं जॉबवर्क. आई पतसंस्थेत. मार्चअखेर आणि पाठोपाठचं ऑडिट यांमुळे एप्रिलच्या मध्यापर्यंत तिला रजा मागायचीच सोय नसते. घरात आजोबा, त्यांना सगळी गल्ली आप्पा म्हणते, आणि तिसरीतला धाकटा. आजोळ खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या अलीकडे. मामा पुण्यात. आत्या धारवाडला दिलेली. मुलीच्या सुट्टीसाठी १२,००० रुपये बाजूला काढलेले. हा आकडा सांगायला आईनं आधी टाळाटाळ केली. मी तो आधी काढून घेतला, कारण मध्यमवर्गीय घरात आकडा कळल्याशिवाय पत्रकं वाचणं म्हणजे भाव न विचारता साडी खांद्यावर टाकून बघणं.

मुलगी १३ वर्षांची. वर्गात मागून दुसऱ्या बाकावर, विचारलं तरच बोलणारी. गुण सत्तरच्या आसपास, कन्नडला मात्र पास होण्यापुरते. 'हुशार' म्हणून तिला कुणी बोट दाखवलं नसतं. पण दर दिवाळीला गल्लीतला किल्ला तीच करायची. माती, दगड, हळीव हे सगळेच करतात. हिच्या किल्ल्यावर सलाईनच्या नळीतून झरा वाहायचा आणि तो दिवसभर वाहता ठेवण्यासाठी वर किती मोठी बाटली टांगायची, हे तिनं स्वतः ठरवलेलं असायचं. हे मला माहीत होतं, आईलाही माहीत होतं. पण पत्रकं निवडताना ते आईला आठवलं नव्हतं.

त्याआधीचा उन्हाळा

२०२३च्या मे महिन्यात, सातवी झाल्यावर, तिला घाटमाथ्यावरच्या एका निवासी शिबिराला पाठवलं होतं. पाच रात्री. 'साहस, संस्कार, आत्मविश्वास' असं काहीतरी फलकावर. फोटो उत्तम आले. मुलगी ताप घेऊन आली आणि महिनाभर त्या विषयावर बोलली नाही.

झालं होतं ते असं. दुसऱ्या रात्री तिला पहिल्यांदा पाळी आली. हॉलमध्ये बाविसेक मुली आणि त्यांच्यासोबत झोपणारी मोठी बाई एकही नाही. 'ताई' म्हणून नेमलेली मुलगी कॉलेजातली, एकोणीस-वीसची, तीही रात्री दुसऱ्या इमारतीत. फोन पहिल्याच दिवशी जमा केलेले. पोरीनं अंधारात नळावर कपडे धुतले आणि ओलेच घातले. प्रवेशअर्जात टी-शर्टचा साईज विचारला होता, आवडता खेळ विचारला होता. मुलीला पाळी सुरू झाली आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, यातलं एकही नाही.

आईला हे ऑगस्टमध्ये कळलं. मला सांगताना ती जरा चिडलेली होती आणि जास्त स्वतःवर चिडलेली होती. "मी फी विचारली, जेवण विचारलं, दोरी धरून दरी ओलांडतात तिथं बेल्ट असतोय का विचारलं. रात्री कोण असतंय, हे विचारलंच नाही."

त्यामुळे २०२४चा प्रश्न 'कुठलं शिबिर चांगलं' एवढाच नव्हता. मुलीनं सांगून टाकलं होतं, "मला कुठंच जायचं नाही."

कॅलेंडरचा घोळ

सीमाभागात राहणाऱ्यांना हे सांगायला नको, तरी लिहिते, कारण पुण्या-मुंबईचे नातेवाईक दरवर्षी नव्यानं विचारतात. कर्नाटकातल्या शाळांना सुट्टी लागते साधारण १० एप्रिलच्या आसपास, आणि मेअखेरीला शाळा उघडते. २०२४ला ११ एप्रिल ते २८ मे, म्हणजे ४८ दिवस. महाराष्ट्रात सुट्टी खरी मे महिन्यात आणि शाळा जूनच्या मध्यावर. म्हणजे मामाची मुलं मोकळी होतात तेव्हा इथली निम्मी सुट्टी सरलेली असते. दोन्हीकडची पोरं एकाच वेळी रिकामी असतात ते जेमतेम चार आठवडे.

पुण्या-कोल्हापूरकडची चांगली शिबिरं त्यांच्या कॅलेंडरवर बेतलेली. भावानं पाठवलेलं पाचगणीकडचं शिबिर २२ ते २९ मे. इथं शाळेचा पहिला दिवस बुडतो. एक दिवस बुडाला तर आभाळ कोसळत नाही, पण नववीत नवी तुकडी पडते, बाक ठरतात, मैत्रिणी ठरतात. तेरा वर्षांच्या मुलीला तो दिवस आठ दिवसांच्या शिबिराहून मोठा असतो. शिवाय फी १६,५०० आणि जाणंयेणं वेगळं. ते पत्रक पहिल्यांदा बाजूला गेलं.

जाण्यायेण्यावरून आठवलं. जून २०२३पासून 'शक्ती' योजनेत कर्नाटकातल्या बायकामुलींना सरकारच्या साध्या बसमधून राज्यात फुकट प्रवास आहे. निपाणी ओलांडून पलीकडे गेलात की तो नाही. धारवाडला चार वेळा जाऊन आलं तरी आई आणि मुलगी मिळून तिकिटाचा खर्च शून्य. पाचगणीच्या एका फेरीत बजेटचा लचका. असल्या बारीकसारीक गोष्टींनीच निर्णय होतात, पत्रकावरच्या हसऱ्या चेहऱ्यांनी नाही.

उरलेली पत्रकं

'समर फाउंडेशन कॅम्प', सकाळी साडेसात ते साडेअकरा, चाळीस दिवस, ९,००० रुपये. नाव कॅम्प, आत नववीचं गणित-विज्ञान आणि पुढच्या नीट-जेईईची 'पायाभरणी'. गंमत म्हणजे त्याच जानेवारीत केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये, प्रवेश दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा, असं त्यात आहे. पत्रकावर 'कोचिंग' शब्द नव्हताच, 'कॅम्प' होता. वडिलांचा ओढा याच्याकडे होता. मी त्यांना एवढंच विचारलं, "नववीचं गणित तिला जूनमध्ये मी आणि माझे सहकारी शिकवणारच आहोत. मग तुम्ही नऊ हजार कशाचे देताय?" ते म्हणाले, "बाकीची पुढं जातील." हे उत्तर खोटं नाही. भीती खरीच असते. पण तेच धडे आधी एकदा ऐकून आलेली मुलं माझ्या वर्गात जूनमध्ये कशी बसतात, हे मी बघितलंय. पहिले तीन आठवडे खिडकीबाहेर बघतात आणि चौथ्या आठवड्यात धडा त्यांच्या पुढं निघून जातो.

रोबोटिक्स, टिळकवाडीत, पंधरा दिवस रोज दोन तास, ४,५०० आणि किटचे वेगळे. किल्ल्याची आठवण काढून हे मीच उचलून धरलं. तिची जिवलग मैत्रीण तिथंच जाणार होती, हेही एक. एका रविवारी त्यांचा मोफत नमुना-वर्ग होता, तिथं आम्ही तिघी गेलो. वातानुकूलित खोली, चकचकीत टेबलं, शिकवणारा मुलगा गोड बोलणारा. मुलांनी दीड तासात चाकं लावली, तारा जोडल्या, गाडी पळवली. आया व्हिडिओ काढत होत्या. परतताना मी विचारलं, कसं वाटलं? ती म्हणाली, "सगळं कापूनच आलेलं असतंय, बाई."

या एका वाक्यानं मला जे कळलं ते पाच पत्रकं वाचून कळलं नव्हतं. तिला काय हवं होतं ते तिला सांगता येत नव्हतं. काय नको ते बरोबर सांगता आलं. म्हणून पत्रक हातात देऊन "आवडतंय का?" असं विचारण्यात अर्थ नसतो. नमुना दाखवावा आणि परतीच्या वाटेवर गप्प राहावं.

पोहणं, गोवावेसच्या तलावावर, हे ठरल्यातच जमा होतं, पण पाळीच्या दिवसांचा प्रश्न तिनं स्वतः काढला आणि "पुढच्या वर्षी" म्हणाली. मी जोर केला नाही. आजोळच्या विहिरीत शिकावं तर २०२४चा उन्हाळा दुष्काळाचा. सरकारनं राज्यातले २२३ तालुके दुष्काळी जाहीर केलेले, आणि विहिरीचा तळ दिसत होता. इस्रोच्या 'युविका' या शाळकरी मुलांसाठीच्या अवकाशविज्ञान कार्यक्रमाबद्दलही आईनं विचारलं. तो कार्यक्रम नववीतल्या मुलांसाठी. त्या वर्षीच्या १ जानेवारीला मूल नववीत असायला हवं. आठवीच्या गुणांना त्यात निम्मं वजन, गावातल्या शाळेत शिकणाऱ्यांना १५ टक्के जादा, आणि निवड झाली की राहणं-जेवण, प्रवास सगळं इस्रोकडून. म्हणजे पुढच्या वर्षीचा विषय.

सहावं पत्रक आणि आप्पा

धारवाडच्या शिबिराचं पत्रक त्या पाचात नव्हतंच. आत्यानं फोनवर सांगितलं. तिच्या गल्लीपासून दोन किलोमीटरवर मुलांचं नाट्यशिबिर भरतं, ८ ते १४ वयोगट, १५ एप्रिल ते ५ मे, सकाळी दहा ते साडेचार, फी ३,५००. कर्नाटकात उन्हाळ्यात मुलांच्या नाटकाची शिबिरं भरवण्याची जुनी चाल आहे. म्हैसूरच्या रंगायण या नाट्यसंस्थेचा 'चिन्नर मेळा' ऐकून तरी माहीत असतो. त्यातलाच हा लहानसा प्रकार. पत्रकात अभिनय, गाणी, आणि शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात: मुखवटे आणि रंगमंचाचं सामान बनवणं. मी त्या ओळीवर बोट ठेवलं. भाषा अर्थातच कन्नड.

इथं आप्पा उठून बसले.

१९८६च्या जूनमधल्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात ते होते. चार दिवस आत बसून आले होते. दर १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जातात, गुडघे दुखत असले तरी. ते ओरडले नाहीत. त्यांनी शांतपणे विचारलं, "सक्तीचं कन्नड शाळेत हाय की. आता सुट्टीत पैसे देऊन आणि?"

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं आणि आजही नाही. मी त्यांच्याच गावची. माझ्याही घरात तो काळ आहे. मी फक्त शाळेतली परिस्थिती सांगितली. कन्नडचा पेपर ही मुलगी पाठ करून लिहिते आणि पास होते. दुकानात कुणी कन्नडमधून विचारलं की आईच्या मागं सरकते. दहावीनंतर पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेली की वर्गात मराठी माध्यम नाही. इंग्रजी तरी हवं, नाहीतर कन्नड तरी. भाषा लादली म्हणून तिचा राग येणं मला समजतं. पण ही मुलगी रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. आप्पांनी ऐकून घेतलं. हो म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी आई म्हणाली, "गप्प आहेत. म्हणजे अडवत नाहीत."

फोनवर काय विचारलं

आईनं पुन्हा तीच चूक करायची नाही ठरवलेलं. तिनं वहीच्या पानावर प्रश्न लिहिले, मी भर घातली, आत्यानं कन्नडमधून फोन केला आणि स्पीकरवर आम्ही ऐकलं. दिवसभर तिथं थांबणाऱ्या मोठ्या बायका किती? तीन, एक स्वयंपाकाच्या मावशी धरून. मुलींचं स्वच्छतागृह वेगळं आहे का, आतून कडी लागते का? पहिलं आहे, कडी "बसवून घेतो" (पहिल्या दिवशी आत्यानं जाऊन बघितली, बसवली होती). मूल मधेच सोडून गेलं तर पैसे? पहिल्या पाच दिवसांत निम्मे परत. एका वेळी किती मुलं? पस्तीस, शिकवणारे चार.

शेवटचा प्रश्न माझा होता: शिबिर संपल्यावर मुलीत काय फरक पडेल? पाचगणीवाल्यांनी याच प्रश्नाला व्यक्तिमत्त्वविकासाचे बारा मुद्दे सांगितले होते. धारवाडचे गृहस्थ जरा थांबले आणि म्हणाले, घरी येऊन लवकर झोपेल. शेवटी नाटक होईल, ते चांगलं होईल असं आम्ही सांगत नाही. मला हे उत्तर फारच आवडलं. माझा तोल या एका उत्तरानं ढळला, हे कबूल करते. सल्ला देणाऱ्यानं असं करू नये.

मुलीशी बोलणं तिच्या आईनं केलं, मी नव्हते. ठरलं ते असं: मुक्काम आत्याकडे, शिबिरात नाही. रोज रात्री फोन. सहाव्या दिवशी, शनिवारी, आई येणार आणि त्या दिवशी मुलगी "परत" म्हणाली तर प्रश्न न विचारता परत आणणार. ही अट मुलीनं दोनदा वदवून घेतली. मागच्या उन्हाळ्यानं तिचा विश्वास कुठं तुटला होता ते त्यावरून दिसलं.

घडलं ते

८ एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, आणखी एक घोळ. आठवीची परीक्षा त्या वर्षी राज्यपातळीवर घेतलेली. तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि निकाल जाहीर करायला मनाई आली. सुट्टी लागली, निकाल नाही. शिक्षक म्हणून माझी पंचाईत, पण या मुलीच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू बघितलं.

रविवारी ती धारवाडला निघाली. आप्पांनी दोनशे रुपये हातात दिले आणि म्हणाले, "कुणी विचारलं तर आत्याकडं चाललीस म्हणून सांग." खोटं नव्हतंच ते.

तिसऱ्या रात्री फोनवर रडणं. ओळखीच्या खेळात प्रत्येकानं स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायची होती. हिनं पाठ्यपुस्तकातलं वाक्य जुळवून म्हटलं, अगदी शुद्ध, आणि धारवाडी पोरं खदाखदा हसली. तिथलं बोलणं वेगळंच. पुस्तकातलं कन्नड तिथं बातम्या वाचल्यासारखं वाटतं. एका पोरानं तिचं नाव 'दूरदर्शन' ठेवलं. आईनं मला रात्री साडेदहाला फोन केला. जाऊन आणू का? मी म्हटलं, शनिवार ठरलाय ना, शनिवारपर्यंत थांब. फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. आपलं मूल नसलं की असा सल्ला देणं सोपं असतं.

गुरुवारी काय झालं ते तुकड्यातुकड्यानं कळलं. अभिनयाच्या गटात ती गप्प बसते हे बघून मुखवट्यांच्या गुरुजींनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. तिथं रद्दी भिजत घातलेली, मैद्याची खळ शिजवलेली, किडा लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. काम सुरू झालं की वाक्यं लागतच नाहीत, शब्द लागतात. हग्ग कोडु, दोरी दे. अंटु म्हणजे डिंक, बण्ण म्हणजे रंग, मोळे म्हणजे खिळा, सुत्तिगे म्हणजे हातोडी. कात्रीला कत्तरी, ते तर ओळखीचंच. दोन दिवसांत तिच्याकडे तीसेक शब्द जमले, आणि एकही पाठ केलेला नव्हता. त्या खोलीत कुणी हसत नव्हतं, कारण सगळ्यांचेच हात खळीत होते.

शनिवारी आई गेली तेव्हा मुलगी वाघाच्या जबड्याला बिजागरी बसवायच्या खटपटीत होती. तोंड उघडायचं, पण मिटायचं नाही. "आई, बाबांना विचार स्प्रिंग मिळेल का, एवढी." परत यायचा विषय निघालाच नाही. वडिलांनी वर्कशॉपमधून चार मापांच्या स्प्रिंगा बसच्या कंडक्टरबरोबर पाठवल्या. बापलेकीत या विषयावर झालेलं हे पहिलंच बोलणं. फाउंडेशनचं नाव त्यानंतर त्यांनी काढलं नाही.

५ मे रोजीचं नाटक मी बघितलं नाही. लोकसभेचं मतदान ७ तारखेला, माझी बूथवर ड्युटी, प्रशिक्षण चालू होतं. आई म्हणाली, नाटक सुमार होतं, आवाज मागच्या रांगेपर्यंत येत नव्हता. मुलगी रंगमंचावर एकदाही आली नाही. वाघ मात्र तोंड मिटत होता.

बेळगावात शिवजयंती वैशाखातल्या तिथीला. २०२४ला ती ९ मे रोजी आली. नंतरच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी गल्लीतलं मंडळ आधी महिनाभर सजीव देखाव्याची तालीम करतं. याला कुणी 'समर कॅम्प' म्हणत नाही आणि फी घेत नाही. तरी आमच्या गावातल्या कितीतरी पोरांना चारचौघांत उभं राहायला त्यानंच शिकवलंय. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ती मंडळाच्या पोरांना म्हणाली, ढाली पुठ्ठ्याच्या नकोत, कागद-खळीच्या करू, उन्हात वाकत नाहीत. पोरांनी आधी हसून घेतलं. मग वेळ कमी होता म्हणून ऐकलं. ढाली वाळवायला आप्पांनी अंगणातली त्यांची आरामखुर्ची हलवली. धारवाडबद्दल त्यांनी काही विचारलं नाही.

त्यापुढचे दिवस पटकन सांगते. मामाची मुलं आली, सगळे आजोळी गेले, करवंदं आणि फणस, दोनदा वळवाचा पाऊस, एकदा गारा. शेवटचे दहा दिवस काहीही नाही. हे 'काहीही नाही' मी आधीच मागून घेतलं होतं. या वयात मुलं झपाट्यानं वाढतात, झोपतात, आरशासमोर उभी राहतात, विनाकारण भांडतात. त्यालाही दिवस लागतात.

हिशोब आणि चुका

खर्च एकंदर सात हजारांच्या आत. त्यात फी, आत्याला साडी, तिच्या मुलाला बॅट. उरलेल्या पैशांतून मुलीनं पत्रा कापायची कात्री मागितली, ती मिळाली.

कन्नडचे गुण? नववीच्या पहिल्या चाचणीत आधीपेक्षा चार जास्त. चमत्कार नाही. लेखी कन्नड तसंच अडखळत चालतं, पण वडिलांच्या वर्कशॉपला हुबळीच्या पार्टीचा फोन आला की ती उचलते आणि 'दूरदर्शन'सारखं न बोलता बोलते. माझ्या वर्गात ती आजही मागून दुसऱ्या बाकावरच.

माझ्या हातून काय सुटलं तेही लिहिते. एप्रिलच्या उन्हात दोन किलोमीटर रोज जायचं-यायचं, हे मी नकाशावर बघून 'जवळच' म्हटलं होतं. पहिल्या आठवड्यात तिला ऊन लागलं, मग आत्याच्या यजमानांनी स्कूटरवर सोडायला सुरुवात केली. आत्याची तीन आठवड्यांची सुट्टी आपण परस्पर खर्च करतोय, हे कुणी तिला विचारलं नाही, गृहीत धरलं. 'मुक्काम नातेवाइकांकडे' हा पर्याय स्वस्त दिसतो, कारण त्यातली मजुरी पावतीवर येत नाही. सगळ्यात मोठी चूक म्हणजे धाकटा. थोरलीच्या सुट्टीवर आम्ही तीन महिने खल केला आणि तिसरीतलं ते पोर ४८ दिवस फोन घेऊन जिन्यावर बसून होतं. जवळच्या गावातल्या ग्रामपंचायतीच्या ग्रंथालयात फुकट बेसिगे (उन्हाळी) शिबिर भरलं होतं, हे मला जूनमध्ये कळलं.

२०२५च्या मार्चमध्ये तिनं युविकाचा अर्ज भरला. आमची शाळा शहरात, त्यामुळे ते १५ टक्के नाहीत, विज्ञान प्रदर्शनाचं प्रमाणपत्र एकच. निवड झाली नाही. तिला फारसं लागलं नाही, आईला लागलं. धारवाडला जाता येईल का, तिनं स्वतःच फोन करून विचारलं. वयाची मर्यादा संपलेली, पण मुखवट्यांच्या गुरुजींनी मदतनीस म्हणून ये म्हटलं. दहावीचे जादा वर्ग मे महिन्यात लागणार होते, म्हणून तिला आठच दिवस मिळाले. जाताना धाकट्याला बरोबर घेऊन गेली. आत्याला या वेळी आधी विचारलं होतं.